रक्तातली ओळखपरेड

चाळिशी उलटली की माणसाच्या घरी दोन पाहुणे न बोलावता येतात. एक चष्मा आणि दुसरी रक्त तपासल्याची चिठ्ठी. चष्मा माझ्याकडे लवकरच आला होता. चिठ्ठी यंदाच्या वैशाखात आली. एकूण कोलेस्टेरॉल 238. आमचे डॉक्टर फार बोलणारे नव्हेत. "बाई, तूप जरा बेतानं घ्या," एवढेच म्हणाले. पण त्या दिवसापासून आमच्या घरी वरणभातावर तूप वाढायची वेळ आली की सगळ्यांच्या नजरा माझ्या पानाकडे वळू लागल्या. ह्यांची तर जरा जास्तच. त्यांची चिठ्ठी माझ्यापेक्षा बरी आली होती ना!

मी कॉलेजात मराठी शिकवते. अडचणीतला शब्द भेटला की त्याचे गोत्र विचारायचे, ही माझी जुनी खोड. कोलेस्टेरॉल हा शब्द ग्रीक मुळांवरून आलेला. त्यातला एक भाग पित्ताचा, दुसरा घट्टपणाचा. पित्ताशयातल्या खड्यांत हा पदार्थ प्रथम सापडला म्हणून हे नाव. शब्दाचे गोत्र कळले, पण माझ्या रक्तात तो काय करीत फिरतो आहे हे काही कळले नाही. ते कळले गणपतीत, आणि तेही एका उंदरामुळे. गणपतीच्या दिवसांत उंदराने ज्ञान द्यावे यात तसे नवल नाही, पण हा उंदीर अमेरिकेतला होता.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी तिकडे एका विद्यापीठात संशोधन करते. दोन वर्षांनी ती गणपतीला घरी आली. एरवी घरात पाऊल टाकल्यापासून तिची बडबड सुरू असायची. यंदा पोरगी गप्प. मोदक वळायला बसली तर कळ्या पाडता पाडता हात थांबायचा. शेवटी मीच विचारले, "काय गं, झालंय काय?"

"मावशी, माझे तीन महिने फुकट गेले," ती म्हणाली. "एका साक्षीदारानं खोटी साक्ष दिली."

मला वाटले कोर्टकचेरीचे काही आहे. ती हसली आणि मग पुढच्या चार संध्याकाळी, आरती आटोपल्यावर, तिने मला जे सांगितले ते आज मी तुमच्यापुढे मांडते आहे. शास्त्र तिचे, उपमा चुकल्या असतील तर त्या माझ्या.

तेल नि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे आपल्याला स्वयंपाकघराने शिकवले आहे. रक्त म्हणजे बव्हंशी पाणी, आणि कोलेस्टेरॉल जातीने स्निग्ध. तरी शरीराला ते हवेच असते. प्रत्येक पेशीच्या भिंतीत ते लागते, पचनाला लागणारी पित्ताम्ले त्यापासून होतात, काही महत्त्वाचे अंतःस्राव त्यापासून होतात. डॉक्टर ज्याचा उल्लेख चोरासारखा करतात तो पदार्थ मुळात घरचाच माणूस आहे. मग पाण्यातून तेलाची वाहतूक करायची कशी? शरीराने त्यावर काढलेली तोड अशी. कोलेस्टेरॉल आणि चरबी यांची बारीक बारीक गाठोडी बांधायची आणि त्यांना बाहेरून प्रथिनांचा पट्टा आवळायचा. प्रथिनाची एक बाजू तेलाशी जमवून घेते, दुसरी पाण्याशी. दोन भांडखोर घरांत सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखी. आपल्या चिठ्ठीवर 'एल.डी.एल.' आणि 'एच.डी.एल.' म्हणून जे दोन आकडे छापलेले असतात ते या गाठोड्यांच्याच दोन जातींचे.

ही प्रथिने नुसती दोरी नव्हेत, तर पत्त्याची चिठ्ठीही आहेत. गाठोडे कोणी उतरवून घ्यायचे ते त्यांच्यावरून ठरते. पेशींना दारे असतात आणि त्या दारांना ठराविक प्रथिनांची ओळख असते. असे एक दार मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी शोधून काढले आणि त्यांना 1985 साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे दार ज्यांच्यात जन्मतःच बिघडलेले असते, त्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल साचत जाते आणि काहींना लहान वयातच हृदयविकार गाठतो.

आमच्या भाचीचे प्रथिन यांपैकीच एक. त्याचे नाव एपोलायपोप्रोटीन ई. प्रयोगशाळेत त्याला लाडाने 'एपो-ई' म्हणतात. माणसातले एपो-ई 299 अमिनो आम्लांच्या कड्यांची साखळी आहे. ते मुख्यतः यकृतात तयार होते आणि त्याखालोखाल मेंदूत. जेवणानंतर रक्तात येणारी चरबीची मोठी गाठोडी वाटेत बरीचशी रिकामी होतात. उरलेले बोचके यकृताने उचलून घ्यावे म्हणून त्यावर जी खूण लागते, ती या एपो-ईची.

आता उंदीर. प्रयोगशाळेतला उंदीर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा प्राणी येतो. पण भाची म्हणाली की तिच्या कामातले उंदीर काळे कुळकुळीत असतात. त्यांच्या कुळाची हकीकत मला फार आवडली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रॅनबी गावी ॲबी लॅथ्रॉप नावाची एक बाई राहत असे. ती हौशी लोकांना पाळण्यासाठी उंदीर विकायची. पुढे शास्त्रज्ञ तिचे गिऱ्हाईक झाले. तिच्याकडच्या उंदरांपासून 1921 साली क्लॅरेन्स लिटल या शास्त्रज्ञाने जे काळे कूळ वाढवले, ते आज जगभरच्या प्रयोगशाळांत नांदते आहे. शाळामास्तरकी सोडून उंदीर पाळणाऱ्या या बाईचे नाव फारसे कोणी घेत नाही. मी घेतले, एवढेच.

पण हृदयरोगाच्या अभ्यासाला उंदीर कामाचा नव्हता. याचे कारण मजेशीर आहे. 1913 साली रशियात निकोलाय अनिच्कोव या तरुण डॉक्टराने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या रोहिण्यांत माणसासारखे चरबीचे थर धरवून दाखवले. ससा बिचारा पाल्यावर जगणारा. त्याला ते सोसले नाही. उंदराला मात्र काही होत नसे. त्याच्या रक्तात एकूण कोलेस्टेरॉल शंभराच्या आतच, आणि तेही बहुतेक चांगल्या समजल्या जाणाऱ्या एच.डी.एल.च्या गाठोड्यांत. घरातले तूप, लोणी, खोबरे चोरून खाणाऱ्या या प्राण्याची रोहिणी स्वच्छ, आणि तूप मोजून खाणाऱ्या माझी चिठ्ठी 238!

हे कोडे 1992 साली फिरले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जॅन ब्रेस्लो यांच्या आणि नॉर्थ कॅरोलायनात चॅपल हिल इथे नोबुयो माएदा या जपानी बाईंच्या, अशा दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी एपो-ई अजिबात नसलेला उंदीर जन्माला घातला. उंदराच्या जनुकांपैकी नेमके एपो-ईचे जनुक मोडायचे, बाकी सगळे तसेच ठेवायचे. ही विद्या ज्या तिघांनी सिद्ध केली त्यांना 2007 साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांतले एक, ऑलिव्हर स्मिथीज, हे माएदाबाईंचे यजमान. एरवी नवऱ्याच्या नावाने बायकोची ओळख करून देतात. इथे मी उलटे केले आहे.

त्या उंदरांचे काय झाले? साधा रोजचा दाणा खाऊनही त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल चारशे-पाचशेच्या घरात गेले. पत्त्याची चिठ्ठीच नाही, म्हणून गाठोडी उतरवून घ्यायला कोणी नाही. ती रक्तात घिरट्या घालीत राहिली. काही महिन्यांत त्यांच्या रोहिण्यांत माणसासारखे थर दिसू लागले. तेव्हापासून हा उंदीर हृदयरोगाच्या संशोधनातला मोठा आधार होऊन बसला आहे.

इथवर ऐकून मी भाचीला विचारले, "पण त्या उंदरात ते प्रथिन नाही, हे तुम्हांला दिसतं कसं? रक्त तर सगळं लालच."

"हाच तर प्रश्न आहे, मावशी," ती म्हणाली. "रक्तात हजारो प्रथिनं. त्यांतलं आपलं एक ओळखायचं. डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही. म्हणून साक्षीदार बोलवावा लागतो. तो साक्षीदार म्हणजे प्रतिपिंड."

हा शब्द ऐकून मला प्रथम श्राद्धाची आठवण झाली हे मान्य करते. पण पिंड म्हणजे देहही, हे ध्यानात घेतले की शब्द बरा वाटतो. परका पदार्थ शरीरात शिरला की शरीर त्याला नेमके जाऊन चिकटणारे प्रथिन घडवते, ते प्रतिपिंड. 1890 साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवले की धनुर्वात नि घटसर्प यांना तोंड दिलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात असे काही असते, जे दुसऱ्या प्राण्यालाही वाचवते. आपल्याकडे सर्पदंशावर जे औषध टोचतात तेही असेच. घोड्याला विषाचे बारीक बारीक डोस टोचायचे, त्याच्या रक्तात विषाला जखडणारी प्रतिपिंडे तयार झाली की ती काढून शुद्ध करायची. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव मराठी मुलखात घरोघर ठाऊक आहे, त्यात या औषधाचाही वाटा आहे.

प्रयोगशाळेतले प्रतिपिंड त्याच युक्तीने मिळते. फक्त विषाऐवजी उंदराचे एपो-ई घ्यायचे आणि घोड्याऐवजी बहुधा ससा किंवा बकरी. सशाला उंदराचे एपो-ई टोचले की सशाचे शरीर म्हणते, हा कोण परका? आणि त्याला पकडणारी प्रतिपिंडे करू लागते. काही आठवड्यांनी सशाचे थोडे रक्त घेतले की त्यातून ती वेगळी करता येतात. 1913 साली ज्याच्या रोहिण्यांनी हा रोग पहिल्याने दाखवला, त्याच सशाच्या माथी हेही काम आले.

"मग उंदरालाच का नाही टोचत?" मी विचारले. ससा आणि उंदीर असा दुहेरी खटाटोप मला अव्यवहारी वाटला.

"अगं, स्वतःच्या घरातल्या माणसाला कोणी परका म्हणेल का? उंदराचं शरीर आपल्याच एपो-ईविरुद्ध प्रतिपिंड करत नाही. पण," आणि इथे तिचे डोळे चमकले, "ज्या उंदरात एपो-ई जन्मापासून नाही, त्याला ते टोचलं तर तो करतो! त्यानं ते कधी पाहिलेलंच नसतं ना."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. आपल्याच जातीचे, आपल्याच कुळाचे प्रथिन, पण लहानपणापासून भेटले नाही म्हणून परके. शरीराची ही आप-पर ओळखण्याची रीत माणसांच्या नात्यांपेक्षा फार वेगळी नाही.

यात आणखी एक मेख आहे. माणसाच्या एपो-ईला ओळखणारे प्रतिपिंड उंदराच्या एपो-ईला ओळखेलच असे नाही. दोन्ही प्रथिने साधारण सत्तर टक्के सारखी; पण प्रतिपिंड काही पूर्ण साखळी वाचून पाहत नाही. ते एका छोट्याशा जागेला धरते, आपण गर्दीत एखाद्याला नाकावरच्या तिळावरून ओळखावे तसे. तीळच वेगळ्या जागी असला की ओळख चुकली. म्हणून बाटलीवर नुसते 'एपो-ईविरुद्ध' असून भागत नाही. उंदराच्या की माणसाच्या, सशाने केले की बकरीने, हे सगळे पाहावे लागते. सशाच्या रक्तातून आलेल्या प्रतिपिंडांत नाना जागा धरणारी मंडळी असतात, आणि दुसऱ्या सशाकडून पुन्हा तीच फौज मिळेल याचा भरवसा नाही. यावर 1975 साली केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोह्‌लर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी तोड काढली. प्रतिपिंड करणारी एक पेशी घेऊन तिचा न मरणाऱ्या कर्कपेशीशी संयोग घडवायचा, की एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके मिळत राहते. या शोधाचे पेटंटही घेतले गेले नाही. 1984 साली त्यांना नोबेल मिळाले. पुढे या विद्येवर मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि 2015 पासून तर कोलेस्टेरॉल उतरवणारी प्रतिपिंडेच औषध म्हणून टोचली जाऊ लागली. पण तो वेगळा विषय.

आता साक्ष प्रत्यक्ष घेतात कशी, ते ऐका. गृहिणींना यातले बरेचसे सामान ओळखीचे वाटेल.

उंदराच्या रक्तद्रवाचा थेंब साबणासारख्या एका पदार्थात घालून उकळतात. तो पदार्थ आपल्या पुष्कळशा टूथपेस्टमध्ये फेसासाठी असतो तोच. त्याने प्रथिनांच्या वळ्या उलगडून सरळ होतात. मग जेलीसारख्या एका पातळ वडीच्या वरच्या टोकाला ते मिश्रण ठेवून वीज सोडतात. प्रथिने खाली धावू लागतात. लहान पुढे, मोठी मागे. बारीक चाळणीतून रवा पुढे जावा नि गठळ्या मागे राहाव्यात, तसे. एपो-ईचे वजन हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे चौतीस हजारपट. त्यामुळे ते कुठे थांबणार हे आधीच ठाऊक असते. नंतर ही सगळी रांग वडीवरून एका पातळ कागदासारख्या पटलावर उतरवून घेतात. आणि मग त्या पटलाला दुधाची आंघोळ घालतात! होय, साधी साय काढलेल्या दुधाची पावडर पाण्यात कालवून. कारण पटलावरच्या मोकळ्या जागांना प्रतिपिंड उगाच चिकटायचे. दुधातली प्रथिने त्या जागा आधीच अडवून ठेवतात. कोट्यवधी डॉलरांच्या प्रयोगशाळेत दुधाची पावडर डब्यातून चमच्याने काढतात हे ऐकून माझी बहीण फार खूष झाली.

त्यानंतर सशाचे प्रतिपिंड. ते आपल्या एपो-ईला धरून बसते. बाकीचे धुऊन टाकतात. पण तेही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सशाच्या प्रतिपिंडालाच परके मानणारे, बकरीचे, दुसरे प्रतिपिंड आणतात. याच्या शेपटाला एक विकर बांधलेले असते. ते युरोपातल्या मोहरीच्या कुळातल्या एका तिखट मुळीतून काढतात. योग्य ते रसायन ओतले की हे विकर त्याला उजळवते आणि अंधारात एक बारीक प्रकाशाची रेघ उमटते. चौतीस हजारांच्या जागी रेघ आली, म्हणजे साक्षीदाराने बोट दाखवले: "हाच तो."

या पद्धतीचे इंग्रजी नाव 'वेस्टर्न ब्लॉट'. भाषेच्या मास्तरणीला याची व्युत्पत्ती सांगायलाच हवी. डी.एन.ए. ओळखण्याची अशीच एक रीत 1975 साली एडविन सदर्न यांनी काढली. सदर्न हे त्यांचे आडनाव. पण त्याचा अर्थ दक्षिणेचा. आर.एन.ए.साठी रीत निघाली तेव्हा कोणीतरी थट्टेने तिला उत्तरेची म्हटले. मग प्रथिनांसाठी निघाली तिला पश्चिमेची. एका आडनावावरून दिशा उगवल्या! शास्त्रज्ञ कोरडे असतात असे आपण म्हणतो. इतक्या सहजी शब्द करणारे आमच्या साहित्य संमेलनातही कमीच.

आता भाचीचे दुःख सांगायची वेळ आली.

तिने एका कंपनीकडून सशाचे प्रतिपिंड मागवले. बाटलीवर लिहिले होते, उंदराच्या एपो-ईला ओळखते. दोन छापील निबंधांतही ते वापरलेले होते. तिच्याकडे काही उंदरांना एक पदार्थ देऊन त्यांच्यात एपो-ई कमी होते का वाढते हे पाहायचे काम होते. रेघा सुंदर उमटल्या, अगदी अपेक्षित जागी. पदार्थ दिलेल्या उंदरांत रेघ फिकी, न दिलेल्यांत गडद. तीन महिने ती रेघा मोजत राहिली, आलेख काढत राहिली. मग एके दिवशी तिच्या मार्गदर्शकांनी साधा प्रश्न विचारला, "ज्या उंदरात हे प्रथिन नाहीच, त्याचं रक्त लावून पाहिलंस का?"

तिने पाहिले नव्हते. तिच्या प्रयोगशाळेत ते उंदीर नव्हते. शेजारच्या प्रयोगशाळेतून चार थेंब रक्त मागून आणले. रीतसर सगळे केले. अंधारात पटल पाहिले, तर एपो-ई नसलेल्या उंदराच्या जागीही तीच रेघ. तितकीच गडद.

"म्हणजे?" मी विचारले.

"म्हणजे तो साक्षीदार तीन महिने भलत्याकडेच बोट दाखवत होता. त्याच वजनाचं दुसरंच कुठलं तरी प्रथिन होतं. मी त्याच्या कमीजास्त होण्याचे आलेख काढले."

कंपनीला तिने पत्र लिहिले. त्यांनी गोड भाषेत दिलगिरी व्यक्त केली आणि बाटलीचे पैसे परत केले. "पैसे परत आले, मावशी, पण अडतीस उंदीर?" ती म्हणाली आणि गप्प झाली. घरात उंदीर दिसला की पिंजरा लावणारे आम्ही. त्या अडतिसांचा हिशेब तिच्या मनात बसला होता, हे पाहून मला पोरीचे बरेही वाटले आणि वाईटही.

मी तिची समजूत घालायला म्हटले की तुझे नशीब वाईट, एखादी बाटली खराब निघायचीच. त्यावर तिने मान हलवली. हे एकट्या तिचे दुखणे नाही. 2023 साली कॅनडातल्या माँट्रियलच्या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी 65 प्रथिनांविरुद्धची बाजारातली 614 प्रतिपिंडे घेतली आणि प्रत्येकाची परीक्षा एकाच कसोटीवर घेतली: ज्या पेशीत ते प्रथिन मुद्दाम काढून टाकले आहे, तिथे हे प्रतिपिंड गप्प बसते का? पुष्कळशी नापास झाली. आणि नापास झालेली प्रतिपिंडे वापरून लिहिलेले निबंध सरासरी एका प्रथिनामागे डझनभर निघाले. विक्रेत्यांनीही मग नापासांपैकी सुमारे पाचवा हिस्सा बाजारातून काढून घेतला, आणि सुमारे चाळीस टक्क्यांच्या वापराच्या शिफारशी बदलल्या. मला यात आशेचे वाटते ते हे की पाहणीत त्या कंपन्याही सामील होत्या. आपल्या मालाची परीक्षा दुसऱ्याने घ्यावी म्हणून तो आपणहून देणारे व्यापारी रोज भेटत नाहीत.

पोलीस ओळखपरेड करतात तेव्हा संशयिताबरोबर त्याच्यासारखे दिसणारे दुसरे लोकही उभे करतात, असे आपण वाचतो. पण परेडीत खरा गुन्हेगार नसेलच तर? तेव्हाही साक्षीदाराने कोणाकडे तरी बोट दाखवले, तर त्याच्या आधीच्या साक्षींचे काय करायचे? एपो-ई नसलेला तो काळा उंदीर ही अशी रिकामी परेड आहे. तो जन्माला घातला हृदयरोग समजून घेण्यासाठी. आणि तो साक्षीदारांचीही परीक्षा घेतो.

एवढ्या एका प्रथिनासाठी हा आटापिटा का, असे कोणाला वाटेल. मलाही वाटले. शेवटल्या संध्याकाळी ते मी विचारले, तेव्हा भाचीने भिंतीवरच्या आईच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, तसबिरीकडे पाहिले. आई गेली त्याआधीची चार वर्षे ती या नातीला माझ्या नावाने हाक मारायची आणि मला विचारायची, "आपण कोणाकडल्या?" एपो-ईचे माणसांत तीन मुख्य प्रकार आहेत: दोन, तीन आणि चार. 299 कड्यांपैकी केवळ दोन कड्यांचा फरक. पण 1993 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांना आढळले की चौथा प्रकार असलेल्यांना म्हातारपणी अल्झायमरचा विस्मृतिरोग होण्याचा धोका जास्त असतो, आणि तो प्रकार आई व बाप दोघांकडून आला तर आणखी जास्त. धोका म्हणजे ललाटलेख नव्हे. चौथा प्रकार असूनही शेवटपर्यंत शाबूत राहणारी माणसे आहेत आणि नसूनही विसरणारी आहेत. आमच्या आईचा प्रकार कोणता, हे कोणी तपासले नाही. 2012 साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात या रोगाची लक्षणे दाखवणाऱ्या उंदरांना उंदराच्याच एपो-ईविरुद्धचे प्रतिपिंड टोचून पाहिले, तर त्यांच्या मेंदूतले अमिलॉइडचे साठे कमी झाले. उंदराचे औषध माणसाला लागू पडेलच असे नाही, हे भाचीनेच मला दोनदा बजावले. जपानच्या अकिरा एन्दो यांनी कोलेस्टेरॉल कमी करणारे पहिले द्रव्य बुरशीतून काढले, तेव्हा ते मोठ्या उंदरांत चाललेच नव्हते. कोंबड्यांत नि कुत्र्यांत चालले, आणि पुढे त्याच जातीची औषधे जगभर दिली जाऊ लागली. उंदराच्या भरवशावर थांबले असते तर ती औषधे यायला किती वर्षे लागली असती कोण जाणे.

"म्हणून तर रेघ खरी हवी," ती म्हणाली. "ह्या प्रथिनाचं उत्तर खोटं आलं, तर पुढचे दहा जण खोट्या वाटेनं जातात."

अनंतचतुर्दशीनंतर ती परत गेली. जाताना मी तिला चिवडा आणि खजुराचे लाडू बांधून दिले. बेसनाचे करणार होते, पण ह्यांनी तुपाचा डबा आधीच वरच्या फळीवर ठेवला होता. तिने नवे प्रतिपिंड मागवले आहे, या वेळी बकरीचे. बाटली हातात आली तरी त्याला कामाला लावण्याआधी शेजारच्या प्रयोगशाळेतले ते चार थेंब प्रथम, असे तिने ठरवले होते.

कोजागरीला आम्ही गच्चीवर दूध आटवत बसलो होतो, तेव्हा फोनवर तिचे चित्र आले. काळ्या पार्श्वभूमीवर दोन रकाने. डावीकडे साध्या उंदराचे रक्त. चौतीस हजारांच्या जागी एक स्वच्छ, पांढरी, शाळेतल्या पट्टीने ओढावी तशी रेघ. उजवीकडे एपो-ई नसलेला उंदीर. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. उजवीकडचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. चित्राखाली तिने एवढेच लिहिले होते: "मावशी, हा गप्प बसला!"

ह्यांना दाखवले तर म्हणाले, "यात काहीच दिसत नाही." मी म्हटले, "तेच दाखवते आहे," आणि माझ्या पेल्यातल्या दुधावरची साय चमच्याने काढून त्यांच्या पेल्यात टाकली.